राग रोवणा

माणसांच्या पाठी लिलाधरने जितक्या पाहिल्या, तितक्या मोहाडीच्या एखाद्या टेलरनेही पाहिल्या नसतील. यात दोष सगळा त्याच्या जागेचा. मोहाडीहून करडीकडे जाताना धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, एक बुटकं पांढरं चर्च लागतं. त्यात वेदीच्या उजव्या अंगाला, लोकांकडे तोंड करून, पेटी मांडून तो बसायचा. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली, फादरनी ‘शांतीने जा’ म्हटलं, की लिलाधर समाप्तीगीताचा सूर धरी आणि त्याच घटकेला मंडळी शांती सोडून घाईने निघत. कोणाला चप्पल शोधायची असे, कोणाची कोंबडी चुलीवर असे, कोणाला करडीची काळीपिवळी जीप गाठायची असे. पहिलं कडवं संपेपर्यंत समोर नुसत्या पाठी. दुसरं कडवं तो बाकांना आणि पंख्याला ऐकवी.

आता तुम्ही म्हणाल, तहसील कार्यालयात बाबू असलेल्या माणसाला तोंडांची काय कमी? तिथं तर लोक त्याच्या टेबलासमोर तोंड करूनच उभे असतात, आणि हलत नाहीत. पण सातबाऱ्यासाठी आलेलं तोंड आणि गाण्यासाठी उघडलेलं तोंड यात फरक आहे, बाबा. लिलाधरला दुसऱ्या प्रकारचं हवं होतं. त्याचं एक स्वप्न होतं आणि ते त्याला दिवसाढवळ्या पडायचं, डबा खाल्ल्यावर, ऑफिसात. पंखा गरगरत असायचा, फायलींचे कोपरे फडफडायचे आणि त्या फडफडीतून हळूहळू चर्च भरत यायचं. सगळे बाक गच्च, सगळी तोंडं उघडी, सूर खिडक्यांतून ओसंडून थेट बांध्यांवर. मग कोणीतरी टेबलावर टकटक करी, “बाबू, फेरफाराचं काय झालं?” आणि चर्च पुन्हा फायलीत शिरे.

खऱ्या चर्चात मात्र कोणी गात नव्हतं. लोक भाविक होते, वेळेवर यायचे, पण गाणं आलं की ओठ हलवायचे नि सगळा भार लिलाधरवर टाकायचे. जुन्या फादरनी हे चालवून घेतलं. नवे फादर बिनॉय केरळातून आले. मराठी ते पुण्याला व्याकरणासकट शिकलेले, त्यामुळे ते बोलायला लागले की रेडिओवर बातम्या लागल्यासारखं वाटे आणि लोक मोठ्या आदराने ऐकून घेत. समजून घ्यायच्या भानगडीत कोणी पडत नसे. त्यांनी एका रविवारी खिशातून एक पेनड्राइव्ह काढून लिलाधरच्या पेटीवर ठेवला. यात मोठ्या शहरातल्या गायकवृंदाने म्हटलेली सगळी गीतं आहेत, म्हणाले. नवीन स्पीकरही आणला आहे. हे गायक कधी रजेवर जात नाहीत, त्यांना खोकला होत नाही, आणि सूर तर काय विचारावा.

लिलाधरचा चेहरा पाहून फादरना दया आली असावी. त्यांनी एक मुदत दिली. मरियामातेचा सण पंधरा ऑगस्टचा, पण झेंडावंदनामुळे इकडे तो पुढच्या रविवारी करतात. त्या दिवशी बिशप येणार होते. त्या मिस्सेच्या प्रवेशगीताला जर अख्खी मंडळी तोंड उघडून गायली, तर पेटी राहील. नाही तर पुढल्या रविवारपासून पेनड्राइव्ह गाईल आणि लिलाधरजींनी विश्रांती घ्यावी.

विश्रांती हा शब्द लिलाधरच्या काळजात जाऊन बसला. घरी येऊन त्याने तो बायकोला, सरिताला, तीनदा ऐकवला. सरिता जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. ती म्हणाली, मग घ्या ना, रविवारचं दळण तरी आणाल. यावर लिलाधर जेवला नाही, म्हणजे एक पोळी कमी जेवला.

कोणतं गीत घ्यायचं यासाठी चर्चच्या व्हरांड्यात सभा भरली. दवाखाना चालवणाऱ्या सिस्टरांना एक संथ हिंदी भजन हवं होतं, इतकं संथ की त्याचं ध्रुवपद संपेपर्यंत चहा निवून जाई. खाणीवरून निवृत्त झालेल्या एका आजोबांना लहानपणी पाठ केलेलं लॅटिन गाणं हवं होतं. अर्थ त्यांना येत नव्हता आणि येत नाही म्हणूनच ते पवित्र आहे असं त्यांचं म्हणणं. नर्सिंग शिकणारी नीतू कीबोर्ड वाजवी. तिने एक बटण दाबून ढोल, ताशा, गिटार आणि टाळ्या एकदम सुरू केल्या, तेव्हा कुंपणाला बांधलेली एक शेळी दोर तोडून पळाली. वाद इतका रंगला की शेवटी वेदीच्या डावीकडे कोणी बसायचं यावर दोन घरांचा अबोला झाला, आणि गीत तिथंच राहिलं.

या सभेला टेकचंदही होता. टेकचंद लिलाधरचा शेजारी, तळ्यात मासे धरणारा. चर्चशी त्याचा संबंध एवढाच, की त्याचं जाळं चर्चच्या कुंपणावर वाळत असे. पण हिवाळ्यात तो दंडारीत नाचणारा माणूस, म्हणजे गाण्यातला जाणकार, आणि सल्ला द्यायला आपण त्यातलं असावं लागतं असं आमच्याकडे कोणी मानत नाही. त्याने घरी जाताना लिलाधरला थांबवून सांगितलं, “भाऊ, लोकाइले नवीन गाणं कायले शिकवता? त्याइच्या तोंडात जे आधीच आहे, तेच पकडा ना.” लिलाधरला राग आला. मासे धरणाऱ्याने पेटीवाल्याला शिकवावं, हे त्याला बरं वाटलं नाही. तरी रात्रभर ते वाक्य जाळ्यातल्या मासोळीसारखं त्याच्या डोक्यात वळवळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना ते झालं. उन्हं उतरली होती आणि पावसाची बारीक भुरभुर त्या उन्हातूनच पडत होती. दोन्हीकडे बांध्या पाण्याने काठोकाठ, त्यात आभाळ उलटं पडलेलं. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, शेवटाला आला होता. एका बांधीत बायका ओळीने वाकून धानाचे परे, कोवळी रोपं, लावत होत्या आणि गात होत्या. लिलाधरने गाडी थांबवली. हे गाणं त्याने जन्मापासून ऐकलेलं, पण ऐकलेलं म्हणजे कानावर पडलेलं. आज ते आत उतरलं. एक बाई सूर टाकी, बाकीच्या तो उचलत, आणि सूर पाण्यावरून तरंगत रस्त्याशी येई. कोणी घाईत नव्हतं, कोणी बेसूर नव्हतं, आणि एकही तोंड बंद नव्हतं. तो बांधीच्या काठच्या धुऱ्यावर उभा राहिला तो राहिलाच. गाडीच्या आरशावर एक बगळा येऊन बसला तरी त्याला समजलं नाही.

सूर टाकणारी बाई म्हणजे मालनबाई. चर्चात शेवटच्या बाकावर बसून, तोंडाला पदर लावून अख्खी मिस्सा काढणारी. तिने मान वर केली आणि गाणं थांबलं. तहसीलचा बाबू धुऱ्यावर उभा राहून शेताकडे एकटक पाहतो, याचा अर्थ एकच. “काय गा लिलाधरभाऊ, जमीन मोजून राहिला का?” तिने विचारलं. लिलाधर म्हणाला, नाही, गाणं ऐकतोय. यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. संध्याकाळपर्यंत करडीपर्यंत बातमी गेली की इथून मोठा रस्ता निघणार. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलासमोर नेहमीच्या दुप्पट तोंडं उभी होती, आणि प्रत्येकाला तो ‘मी गाणं ऐकत होतो’ असं सांगत होता, आणि प्रत्येक जण डोळा मिचकावून ‘समजलं साहेब’ म्हणत होता.

पण चाल मिळाली होती. त्याने तिच्यावर शब्द बसवले. मरियामाय गरोदर असताना आपल्या नातलग बाईला भेटायला डोंगरातल्या गावी जाते, ती हकिगत.

चालली माय डोंगराच्या गावा,
ओटीत घेऊन उजेड नवा.

मालनबाईला म्हणून दाखवलं तेव्हा तिने ते एकदा गुणगुणून पाहिलं. मग म्हणाली, “चर्चात आमाले गाता येत नाही, भाऊ. तिथं बसा लागते ना.” लिलाधरला वाटलं बाई लाजते आहे. या वाक्याकडे त्याने तेव्हाच नीट लक्ष दिलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

नवीन गीत म्हणजे वरून मंजुरी घेणं आलं. धर्मप्रांताच्या उपासना समितीकडे शब्द पाठवायचे, चाल कोणत्या रागात ते कळवायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जात त्रुटी काढणाऱ्या लिलाधरला आपल्या अर्जात त्रुटी निघेल या विचाराने घाम फुटला. रागाचं नाव काय लिहावं? रिकामं सोडलं तर अर्ज परत येणार, हे त्याच्याएवढं कोणाला ठाऊक? त्याने डोळे मिटून ‘रोवणा’ लिहिलं. समितीचं उत्तर आलं की राग रोवणा सदस्यांपैकी कोणाच्या परिचयाचा नाही, तथापि हरकत नाही.

फादर बिनॉय तर हरखूनच गेले. स्थानिक संस्कृती, म्हणाले, हेच तर हवं आहे. मग या बायकांनीच मिरवणुकीच्या पुढे चालावं. हातात आरतीची ताटं नकोत, धानाचे परे असावेत, डाव्या हातात एकेक जुडी. मरियेच्या चरणी कष्टाचं अर्पण. नीतूनेही रुसवा सोडला आणि कीबोर्डवर एकच सूर धरून ठेवायचं कबूल केलं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की लिलाधरला ऑफिसातलं स्वप्न आता घरी, चहा पितानाही पडू लागलं.

तालीम चर्चात सतरंजीवर बसून झाली. आवाज काही सुटेना. बांधीतलं गाणं सतरंजीवर आल्यावर जरा आखडल्यासारखं झालं होतं. लिलाधर काळजीत पडला, तर मालनबाई म्हणाली, उभं राहिलो का निघते बरोबर. घरी त्याने सरिताला हे सांगितलं. सरिता वह्या तपासत होती. मान वर न करता तिने विचारलं, “तुमी कधी रोवणा लावला का?” लिलाधरने उलट विचारलं, बाबूनं रोवणा लावला असता तर तो बाबू काहून झाला असता? सरिता हसली आणि पुन्हा वहीत शिरली. ती तेव्हाच बोलली असती तर! पण तिचं म्हणणं असं की मला तरी कुठं सुचलं होतं.

सणाचा दिवस उजाडला तो ढगांच्या दुलईतच. पहाटेपर्यंत पाऊस झाला होता. चर्चची फरशी येणाऱ्या-जाणाऱ्या पायांनी ओली नि गुळगुळीत झालेली. खिडक्यांतून बांध्यांवरचा हिरवा उजेड आत आला होता आणि माणसं त्यात पाण्याखाली बसल्यासारखी दिसत होती. बिशपची गाडी बघायला अर्धं गाव कुंपणाशी जमलं, त्यात टेकचंद आपल्या घरच्यांसकट. दाराशी मिरवणूक लागली. पुढे मालनबाई आणि तिच्या बाया, काठाची लुगडी खोचलेल्या, डाव्या हातात परे. त्यांच्यामागे क्रूस आणि मेणबत्त्या, मग फादर, आणि सगळ्यांत शेवटी उंच टोपी घातलेले, हातात दंड घेतलेले बिशप. वयस्कर, सावकाश बोलणारे.

लिलाधरने सूर धरला. मालनबाईने तोंड उघडलं.

आणि निघालं ना बरोबर! उभं राहिल्यावर तो आवाज असा सुटला की नीतू कीबोर्डवरचं बोट उचलायचं विसरली. पहिलं कडवं म्हणत बाया चर्चच्या मधोमध आल्या. लिलाधरच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या कडव्याला मालनबाईचे डोळे अर्धे मिटले. पायाखाली ओलं होतं, डाव्या हातात जुडी होती, तोंडात ते गाणं होतं. तिचा उजवा हात आपोआप जुडीकडे गेला, कंबर वाकली, चार परे फरशीवर टेकले, आणि उजवा पाय एक पाऊल मागे गेला.

रोवणा मागे मागे सरकत लावतात. पुढे गेलं तर लावलेलं धान आपल्याच पायाखाली तुडवलं जाईल. मोहाडी तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे, लिलाधरलाही ठाऊक होतं, समितीला नसेल एक वेळ. पण ते गाणं ज्या पायांनी अवघा जन्म मागे जाताना म्हटलं, ते पाय त्या गाण्यावर वेदीकडे जातील कसे, हा विचार कोणाच्या डोक्यात आलाच नव्हता.

एकीच्या पाठोपाठ सगळ्या ओळीने वाकल्या. हात चालू लागले, पाय मागे पडू लागले. क्रूस धरलेला पोरगा धर्मेंद्र दोन पावलं मागे सरला, तो मेणबत्त्यांवर, मेणबत्त्या फादरवर, आणि फादर बिशपवर. फादर दबक्या आवाजात “अग्रभागी चलावे” म्हणत होते, पण कोण ऐकतो. लिलाधरला वाटलं, लय वाढवली तर बाया पुढे निघतील. त्याने पेटी द्रुत केली. आता रोवण्यात लय वाढली की हात वाढतात आणि हात वाढले की पाय मागे जास्त धावतात, हे बाबूला कोण सांगणार? मिरवणूक सपासपा दाराकडे निघाली. बिशपांची टोपी चौकटीला लागून तिरपी झाली. मग घाबरून लिलाधरने पेटीच बंद केली. त्याने काहीही बिघडलं नाही, कारण त्या गाण्याला पेटी कधी लागलीच नव्हती.

आणि तेव्हा, पेटी थांबल्यावर, त्याला ते ऐकू आलं. सगळे गात होते. बाकांमधल्या बायका गात होत्या, त्यांना जुड्या उचलून देण्यात जन्म गेलेले त्यांचे नवरे गात होते, लॅटिनवाले आजोबा गात होते. शब्द येत नसलेल्या सिस्टर नुसत्या सुरावर डोलत होत्या. कुंपणाबाहेरून टेकचंदच्या घरच्यांनीही सूर उचलला, त्यांना तर शब्द जुनेच येत होते. बाकांवरची माणसं उभी राहून, गाणाऱ्यांच्या मागे मागे, तशीच उलट्या पावलांनी दारातून बाहेर चालली होती. कोणी कोणाला धक्का देत नव्हतं. चर्च हळूच रिकामं होत होतं.

अंगणात मालनबाईची टाच कुंपणाच्या भिंतीला लागली. बांधी संपली की धुरा लागतो, तसं. ती सरळ झाली, कंबरेवर हात ठेवला आणि गाणं थांबलं. मग तिने डोळे उघडले. एका अंगाला क्रूस वाकडा, मेणबत्त्या विझलेल्या, दुसऱ्या अंगाला बिशप भुरभुर पावसात उभे, आणि समोर चर्चच्या मधोमधपासून अंगणापर्यंत फरशीवर धानाच्या हिरव्या ओळी.

लिलाधर आत एकटा उरला होता. एक सूर अजून नीतूच्या कीबोर्डातून चालूच होता, कारण ती बोट ठेवून बाहेर पाहत होती. त्याने पेटीचा भाता दाबून बसवला, कडी लावली. बिशपला चर्चमध्ये आणायचं गीत त्याने बसवलं होतं आणि त्या गीताने बिशपला चर्चबाहेर काढलं होतं. आता पेनड्राइव्ह. आता रविवारचं दळण. त्याला खरंच रडू आलं.

बिशप आत आले, गाण्याशिवाय, झगा दोन्ही हातांनी उचलून, एकही ओळ न तुडवता. लोक त्यांच्यामागे तसेच, ओळींच्या कडेकडेने. वेदीशी आल्यावर त्यांनी टोपी सरळ केली आणि विचारलं, हे गीत कोणी बसवलं? फादर बिनॉयनी, आयुष्यात पहिल्यांदा व्याकरण विसरून, नुसतं बोट दाखवलं. लिलाधर उभा राहिला, ऑफिसात साहेबापुढे राहतो तसा.

बिशपांनी आधी फरशीवरच्या ओळींकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“गीत बरोबर आहे,” ते म्हणाले. “जागा चुकली. हे आत येतानाचं नाही. हे जातानाचं आहे.”

मिस्सा झाली. काय उपदेश झाला, लिलाधरला आजही सांगता येत नाही. फादरनी ‘शांतीने जा’ म्हटलं. त्याने पेटीची कडी काढली. शेवटच्या बाकावरून मालनबाई उठली, आणि वेदीकडे तोंड करून तिने सूर टाकला.

मंडळी निघाली, मागे मागे, एकेक पाऊल. वेदीला कोणी पाठ दाखवली नाही. दाराशी सगळ्यांनी उलट्या पायांनी एकमेकांच्या चपला तुडवल्या, चप्पल कोणाची कोणाला सापडेना, चुलीवरच्या कोंबड्या बहुधा करपल्या, आणि करडीची काळीपिवळी निघून गेली ती गेलीच. पण दुसरं कडवं झालं, तिसरं झालं, आणि समोर एकही पाठ नव्हती. सरिताचं तोंड होतं, आजोबांचं होतं, धर्मेंद्रचं होतं, दारात उभ्या टेकचंदचंही होतं. सगळी उघडी, सगळी त्याच्याकडे.

लिलाधर बघतच राहिला. भाता मारायचं तो कधीच विसरला होता.